ओपन बॅफलसाठी वूफर आणि ट्वीटर कोणते घ्यावेत? (तंबोरा नीट ऐकू यायला हवा)

खरजपंचम (शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी.

आमचं घर शहापुरातलं, जुनं, कौलारू. माजघर १६ बाय ११ फूट, भिंती दगडी, उंची भरपूर. बाबांचा वॉल्व्हचा रेडिओ अजून कपाटावर आहे. त्यावर ते रोज रात्री धारवाड केंद्र लावायचे आणि मी अंथरुणात पडून ऐकायचो. गेल्या दिवाळीत झाडलोट करताना त्याची मागची भोकाभोकांची पुठ्ठ्याची पाटी काढली आणि सहज चालू करून बघितला. गवई कपाटात नाही, खोलीत बसून गातोय असं वाटलं. माझ्याकडचे विकतचे डब्याचे स्पीकर चांगले आहेत, पण त्यांच्यात तंबोरा पेटीत कोंडल्यासारखा वाटतो. त्या दिवसापासून डोक्यात एकच, ओपन बॅफल करायचे, म्हणजे डब्याशिवाय नुसत्या फळीवर बसवलेले स्पीकर.

ऐकणं बहुतेक ख्याल, थोडं नाट्यसंगीत, पहाटे अभंग. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी आमच्यापासून जवळच, त्यामुळे कुमारांची जुनी ध्वनिमुद्रणं घरात रोजची. आवाज मोठा नको. अँप्लिफायर आहे, दोन चॅनेलचा. दोन्ही बाजूंचे ड्रायव्हर (स्पीकरचे नुसते नग), प्लाय आणि क्रॉसओव्हर (सूर वाटून देणारं सर्किट) धरून २५ हजारांपर्यंत जाईन.

प्रश्न दोनच. वूफर (खालच्या सुरांचा) कोणता, आणि ट्वीटर (वरच्या सुरांचा) कोणता? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं.

निपाणी साउंड

१५ इंची घ्या की ओ, विषय संपला. आमच्याकडं डॉल्बीतनं काढलेले ४ नग पडून आहेत. मॅग्नेट बघितलासा तर दोन हातांनी उचलायला लागतंय. लई दणका आहे. पाहिजे तर दोन घेऊन जावा, पैशाचं नंतर बघू.

मोजपट्टी (उद्यमबाग)

निपाणीकर, तुमचं मन मोठं आहे, पण तो वूफर इथे चालणार नाही आणि त्याचं कारण तेच मोठं मॅग्नेट आहे.

ओपन बॅफलला डबा नसतो. कोन पुढे सरकला की पुढे दाब, मागे पोकळी. खालच्या सुरांना मागचा उलटा आवाज फळीला वळसा घालून पुढे येतो आणि पुढच्याला खातो. फळी ६० सेंमी रुंद धरा. मधोमध बसवलेल्या वूफरपासून कडेपर्यंत ३० सेंमी. आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर. हिशोब केला तर साधारण १९५ हर्ट्झच्या खाली दर सप्तकाला ६ डेसिबल घट लागते. ४१ हर्ट्झपर्यंत उतरायचं म्हणजे सव्वादोन सप्तकं, साडेतेरा डेसिबल गेले.

आता ड्रायव्हरच्या कागदावर क्यूटीएस नावाचा आकडा असतो, तो बघा. डॉल्बीचे जड मॅग्नेटवाले वूफर ०.३ ते ०.४ च्या आसपास असतात. ०.३५ चा वूफर त्याच्या स्वतःच्या अनुनादावर आणखी ९ डेसिबल पडलेला असतो. उलट एमिनन्स कंपनीचा आल्फा १५ए घ्या. एफएस (अनुनादाची वारंवारता) ४१ हर्ट्झ, क्यूटीएस १.२६, संवेदनशीलता ९७ डेसिबल. तो अनुनादावर २ डेसिबल वर उठलेला असतो. ९७ अधिक २ वजा साडेतेरा, साडेपंच्याऐंशी उरले. दोघांतला फरक ११ डेसिबल. तो अँप्लिफायरने भरून काढायचा तर सुमारे १२ पट वॅट लागतील.

म्हणून नियम सोपा आहे. क्यूटीएस ०.७ च्या वर हवा, कोन मोठा हवा. मॅग्नेटचं वजन दुकानात बघायचंच नाही.

नवाच आलोय

क्यूटीएस म्हणजे नेमकं काय? तीनदा वाचलं, डोक्यावरून गेलं.

वॉल्व्हवाला काका (खडेबाजार)

बाळा, झोपाळा डोळ्यांसमोर आण. एक धक्का देऊन सोडलास तर तो किती वेळ हलत राहतो? कडी गंजलेली असली किंवा कुणी हाताने धरला तर लगेच थांबतो. कडीला तेल असलं आणि कुणी धरला नाही तर बराच वेळ झुलतो. स्पीकरचा कोन तसाच. मॅग्नेट आणि कॉइल हा त्याला धरणारा हात. मॅग्नेट जबर असेल तर हात घट्ट, क्यूटीएस कमी. मॅग्नेट लहान असेल तर हात सैल, क्यूटीएस जास्त. बंद डब्यात आतली हवाच कोनला ताणून धरते, तिथे घट्ट हात चालतो. उघड्या फळीवर खालचा आवाज आधीच गळतो, म्हणून कोन थोडा सैल झुललेला बरा.

रेडिओची दुरुस्ती मी ४० वर्षं केली. वॉल्व्हच्या रेडिओला मागे सगळा उघडा कारभार असायचा, कारण वॉल्व्ह तापायचे. म्हणजे तो ओपन बॅफलच. त्यातले स्पीकर हलक्या कागदाचे, छोट्या मॅग्नेटचे. राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली जो कॉइल-कोनचा स्पीकर मांडला, तोही डब्यात नव्हता, फळीत होता. डबे पुढे आले. तेव्हा खरजपंचम, तुमच्या कानाने जे ऐकलं ते खरंच आहे. बाबांचा रेडिओ मोडीत घालू नका.

निपाणी साउंड

काका, आता कळलं. मग आमच्या गोडाऊनमधले दुसरेच काढतो. जुने १२ इंची आहेत, लहान मॅग्नेटचे, शाळांच्या स्नेहसंमेलनाला वापरायचो. गिऱ्हाईक मॅग्नेट बघून नाक मुरडतंय म्हणून बाजूला टाकले. दोन रिकोन केलेत (कोन बदललेत), चार मूळ कोनवर आहेत. त्यांचा क्यूटीएस कुठं लिहिलाय म्हणता?

मोजपट्टी

लिहिलेला नसेल तर मोजता येतो, फार सामान लागत नाही. ड्रायव्हर दोरीने हवेत टांगा. मोबाइलवर टोन वाजवणारं ॲप घ्या, ते अँप्लिफायरला, अँप्लिफायरपासून १ किलोओहमचा रोधक, मग ड्रायव्हर. ड्रायव्हरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर. आधी ड्रायव्हरच्या जागी १० ओहमचा रोधक लावून किती व्होल्ट येतात ते लिहून ठेवा, म्हणजे व्होल्टवरून ओहम काढता येतील. मग टोन हळूहळू वर न्या. जिथे व्होल्ट सर्वांत जास्त, ती एफएस.

उदाहरण देतो. कॉइलचा डीसी रोध ६.४ ओहम. शिखरावर ४० ओहम. भागाकार ६.२५, त्याचं वर्गमूळ २.५. आता ६.४ गुणिले २.५ म्हणजे १६ ओहम जिथे जिथे येतात त्या शिखराच्या दोन बाजूंच्या वारंवारता शोधा. समजा ३५ आणि ५८ आल्या आणि शिखर ४५ वर. ३५ गुणिले ५८ हे ४५ च्या वर्गाजवळ यायला पाहिजे. येतं, म्हणजे मोजणी बरोबर. क्यूटीएस म्हणजे ४५ भागिले (२३ गुणिले २.५), ०.७८.

आणि यातली मजा अशी की वूफरच्या रांगेत १ ओहम रोधाची कॉइल आली की तोच ०.७८ चा ड्रायव्हर ०.८८ सारखा वागतो. डब्यात हा दोष मानतात. इथे तो कामाचा आहे. म्हणून पॅसिव्ह क्रॉसओव्हरच्या कॉइलसाठी जाड तांब्याच्या मागे धावून पैसे घालवू नका.

जवारी (टिळकवाडी)

मी तंत्रज्ञ नाही. तंबोरा वाजवते आणि शिकवते. पण या धाग्यात सगळे खालच्या आवाजासाठी भांडतायत, तर मला विचारायचंय की गाणं ऐकायला किती खाली जायला लागतं?

पुरुष गायक काळी एकला गात असेल तर त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झ. तंबोऱ्याची खरजाची तार त्याच्या अर्धी, ६९. बायकांचे तंबोरे काळी चार-पाचचे, त्यांचा खरज १०० च्या वरच. डग्ग्याची घुमार सोडली तर ख्यालात त्याखाली फार काही नाही. मग ३० हर्ट्झपर्यंत जायचा अट्टाहास कशाला? ६० पर्यंत स्वच्छ आलं तरी मैफल पूर्ण आहे.

दुसरं, आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचं. तंबोऱ्याचा प्राण जवारीत असतो. घोडीवर तार टेकते तिथे दोरा सरकवून आपण जो झंकार उघडतो, तो सगळा वरच्या स्वरांशांत असतो, हजारापासून चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत. बहुतेक विकतच्या स्पीकरांत मी ऐकते तेव्हा नेमकं तिथेच काहीतरी तुटतं. झंकाराचा खालचा अर्धा एका जागेवरून, वरचा अर्धा दुसऱ्या जागेवरून. मिरजेच्या कारागिराने एका तारेसाठी अर्धा दिवस घालवलेला असतो. तो झंकार दोन तुकड्यांत ऐकणं मला सहन होत नाही. ट्वीटर निवडताना कृपा करून हे लक्षात घ्या.

खरजपंचम

ताई, माझी तक्रार मला शब्दांत मांडता येत नव्हती, ती तुम्ही मांडलीत. अगदी हेच.

मोजपट्टी

जवारीताईंचं म्हणणं कागदावरही बरोबर बसतं. साधा टू-वे स्पीकर अडीच-तीन हजार हर्ट्झला कापतो. म्हणजे जवारीच्या मधोमध.

यावर उपाय, ८ इंची फुलरेंज किंवा वाइडबँड (बहुतेक सूर एकटाच वाजवणारा) ड्रायव्हर मध्ये घ्यायचा. त्याला २०० पासून ६–७ हजारांपर्यंत एकट्याला गाऊ द्यायचं. खाली मोठा वूफर, वर ट्वीटर फक्त टोकाला. खाली वूफरला २०० ला एकच कॉइल, ८ ओहमला ६.४ मिलिहेन्री. वर ट्वीटरला एकच कपॅसिटर, ७ हजारला २.८ मायक्रोफॅरड, बाजारात २.७ मिळतो. मधल्या ड्रायव्हरच्या वाटेत काहीच नाही. त्याचाही क्यूटीएस ०.७ च्या आसपास असेल तर तो खालून आपोआप उतरतो.

चिकोडीकर

इथे मी स्पष्ट असहमत आहे.

८ इंची कोन ७ हजारांपर्यंत न्यायचा हे चुकीचं आहे. त्याचा हलणारा व्यास साडेसोळा सेंमी. २ हजार हर्ट्झला आवाजाची लाट सुमारे १७ सेंमी लांब, म्हणजे कोनएवढीच. त्याच्या वर आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. समोर बसणाऱ्याला मिळतं, शेजारी बसलेल्या आईला मिळत नाही. शिवाय कागदी कोन तिथे एकसंध हलत नाही, तुकड्यातुकड्याने थरथरतो. मधला उपकोन लावलेले फुलरेंज तर चार हजाराला किंचाळतात. मी दोन जोड्या केल्या आणि दोन्ही मोडल्या.

माझं मत: ५ इंची चांगला मिडरेंज घ्या, तो २५० ते २५०० नेऊ द्या, आणि वर मजबूत १ इंची डोम (घुमटाकार) ट्वीटर जो २५०० ला दमणार नाही. तिथे सप्तकाला २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हर. सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ साली तो मांडला तो याच कारणासाठी की दोन ड्रायव्हर जुळताना शिवण दिसू नये. शिवण नीट घातली तर जवारी तुटत नाही. तुटते ती वाईट शिवणीमुळे.

जवारी

चिकोडीकर, तुम्ही शिवण म्हणालात ते आवडलं. पण उत्तम शिंपी मिळेपर्यंत अखंड कापड नेसणं बरं नाही का?

चिकोडीकर

ताई, अखंड कापड अंगाला तोकडं पडत असेल तर?

वॉल्व्हवाला काका

दोघांचंही खरं. एकट्याने समोर बसून ऐकणाऱ्याला ८ इंची गोड. घरात चौघे पसरून बसत असतील तर ५ इंची. खरजपंचम, तुम्ही कसे ऐकता ते सांगा, मग भांडू.

खरजपंचम

रात्री एकटाच. आई कधीकधी माझ्या मागे खाटेवर. दोघेही समोरच, काका.

खानापूरकर

मग ८ इंची. आता मी लाकडाचं बोलतो, कारण ते कुणी बोललं नाही.

१८ मिमीचा प्लाय घ्या, ७१० शिक्क्याचा (पाण्याला टिकणारा). ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये ६० सेंमी रुंदीच्या दोन फळ्या शेजारीशेजारी सहज बसतात. ११० सेंमी उंच कापल्या तरी खाली पंखांना आणि पायांना भरपूर उरतं. वूफरच्या बाजूंना मागे २० सेंमीचे पंख लावा, म्हणजे मागचा आवाज आणखी लांबून वळतो. ८ इंची बरोबर मध्यावर बसवू नका. एका कडेपासून लांब, दुसऱ्या कडेपासून जवळ, नाहीतर सगळ्या कडांचा वळसा एकाच सुरावर येतो आणि तिथे खड्डा पडतो.

आमच्याकडे पावसाळा किती असतो ते कणकुंबीच्या माणसाला विचारा. कागदी कोन ओल धरतो. पावसात तो जड होतो आणि अनुनाद खाली सरकतो. मी जून ते सप्टेंबर स्पीकरवर रात्री जुनं सुती धोतर टाकतो. डब्यातल्या स्पीकरची निदान पाठ झाकलेली असते, आपला दोन्ही बाजूंनी उघडा. किडे आणि पाली मागून शिरतात तेही धरा. मागून बारीक जाळी मारा, आवाजाला काही होत नाही.

फणसाची जाड फळी मिळत असेल तर काय विचारता. नंदगडकडे अजून जुनी वाशी, तुळया निघतात. पण ती पुरती सुकलेली हवी, नाहीतर उन्हाळ्यात तडकते. आणि फणसाला पॉलिश केल्यावर जो पिवळा सोनेरी रंग येतो तो बघून घरातली बाई सुद्धा स्पीकर हॉलमध्ये ठेवायला परवानगी देते.

जवारी

घरातली बाई इथेच आहे आणि तिलाही स्पीकर हवेत. बाकी फणसाबद्दल सहमत.

खानापूरकर

चुकलं ताई. मागे घेतो.

नवाच आलोय

मूळ प्रश्न ट्वीटरचा राहिला ना? बाजारात पिएझो (स्फटिकाचे) ट्वीटर स्वस्त आहेत. ते चालतील?

निपाणी साउंड

मंडपात चालतात, घरात कानाला टोचतात. तंबोऱ्याला लावू नका. सांगणारा रोज पिएझो वापरणारा माणूस आहे.

मोजपट्टी

ट्वीटरबद्दल माझा अनुभव सविस्तर लिहितो, कारण इथे लोक सर्वांत जास्त पैसे घालवतात.

ओपन बॅफलचा मधला ड्रायव्हर पुढे-मागे सारखाच वाजतो, बाजूंना जवळजवळ गप्प. आठच्या आकड्यासारखा. डोम ट्वीटरची पाठ बंद असते, तो फक्त पुढे वाजतो. म्हणजे खोलीच्या मागच्या भिंतीवरून परत येणाऱ्या आवाजात मध्यम स्वर असतात आणि वरचे नसतात. कानाला नेमकं कळत नाही, पण आवाज मागे जरा मळकट वाटतो. लिंकविट्झ यांनी त्यांच्या ऑरायन या स्पीकरला नंतर मागच्या बाजूनेही ट्वीटर जोडला तो यासाठीच. स्वस्तात करायचं तर तोच डोम फळीच्या मागे, उलट्या वायरिंगने. दुसरा मार्ग म्हणजे पाठ उघडी असलेला रिबन (पातळ पट्टीचा) ट्वीटर किंवा ऑस्कर हाइल यांच्या घडीच्या पडद्याचा एएमटी. तो स्वभावानेच पुढे-मागे वाजतो. पण महाग.

मात्र ट्वीटर ७ हजारच्या वरच येणार असेल तर मागचा ट्वीटर मी पहिल्या फेरीत लावणार नाही. तिथे फक्त झांजेची किनार आणि हवा उरते. साधा रेशमी डोम, ८ ओहम, संवेदनशीलता ८ इंचीएवढी किंवा थोडी जास्त. जास्त असली तर रोधकाने खाली आणता येते, कमी असली तर वर आणता येत नाही. आणि ८ इंचीच्या जितका जवळ बसेल तितका जवळ.

आधी ट्वीटरशिवाय महिनाभर ऐका. मग ठरवा.

चिकोडीकर

शेवटच्या ओळीशी पूर्ण सहमत. आणि भिंतीपासून अंतर कुणी सांगितलं नाही. किमान ३ फूट पुढे. ४ जमलं तर ४. भिंतीला चिकटवलेला ओपन बॅफल म्हणजे सगळी मेहनत वाया.

खरजपंचम

(काही महिन्यांनंतर)

मंडळी, उशीर झाला, पण आता सांगण्यासारखं आहे.

आधी फजिती. न मोजता एका लांबच्या शहरातल्या दुकानातून फोनवर १५ इंची मागवले. दुकानदाराने क्यूटीएस ०.९ सांगितला. मोजपट्टींच्या पद्धतीने मोजला तर ०.४१. दोन्ही नगांचा. परत घेताना त्याने खूप कुरकुर केली, वाहतुकीचे पैसे माझेच गेले. तेव्हा कुणी सांगितलेल्या आकड्यावर ड्रायव्हर घेऊ नका. आधी मोजा, मग पैसे द्या.

मग एका रविवारी निपाणीला गेलो. गोडाऊनमध्येच मोबाइल आणि मल्टिमीटर लावून सहाही १२ इंची मोजले. रिकोन केलेले दोन एकमेकांशी जुळत नव्हते, एकाचा एफएस ५८, दुसऱ्याचा ४९. मूळ कोनचे चार मात्र भावंडांसारखे निघाले, एफएस ४६ ते ४८, क्यूटीएस ०.८ च्या आसपास. चारही घेतले, एका बाजूला दोन. दोन १२ इंची मिळून कोनचं क्षेत्र एका १५ इंचीपेक्षा जास्तच भरतं. निपाणीकरांनी पैसे घ्यायला इतके आढेवेढे घेतले की शेवटी वहिनींच्या हातात देऊन आलो. वर जेवायला बसवलं ते वेगळंच.

फळ्या शहापुरातच करून घेतल्या. सुताराने १८ मिमी बघून विचारलं, "इष्टु दप्प याक री? हन्नेरडु साकु." (एवढं जाड कशाला? बारा पुरे.) मी वूफर हातात दिला, वजन बघून गप्प झाला आणि मागे आडवी पट्टी स्वतःहून मारली. त्या पट्टीने फरक पडला. आधी फळीला हात लावला की थरथर जाणवायची, आता नाही.

८ इंची वाइडबँड, क्यूटीएस ०.७ चा, कपॅसिटरशिवाय. दोन वूफर रांगेत जोडले, त्यामुळे १६ ओहम झाले आणि कॉइल दुप्पट लागली. ती मोजपट्टींनी उद्यमबागेत गुंडाळून दिली. भिंतीपासून साडेतीन फूट.

पहिले तीन आठवडे ट्वीटर नव्हता. आईने पहिल्या रात्री ऐकलं आणि म्हणाली, "रेडिओ दुरुस्त झाला वाटतं." बाबा गेल्यानंतर त्या खोलीत ती रात्री पहिल्यांदा तासभर बसली.

खरज खोलीत उभा राहतो. डग्गा मुठीएवढा आणि गोल ऐकू येतो, आधी तो नुसता धप्प व्हायचा. जवारी अखंड आहे. पण ताई, एक उणीव जाणवली. तंबोऱ्याची तार सुटताना जो अगदी बारीक कण असतो, बोट तारेवरून निसटतं तो, तो मिळत नव्हता. म्हणून चौथ्या आठवड्यात रेशमी डोम लावला. २.७ चा कपॅसिटर लावला तर कण आला, पण गायकाचा स आणि श जरा पुढे आले. २.२ लावला, म्हणजे ९ हजारला, तर स शांत झाला आणि कणही राहिला असं वाटतं. वाटतं म्हणतोय, कारण आता कान थकलेत आणि खात्री उरली नाही.

मोजपट्टी

दोन वूफर समांतर न जोडता रांगेत जोडलेत ते बरं केलंत, पण त्याने वूफरचा आवाज ८ इंचीच्या मानाने ३ डेसिबल कमी वॅटवर चालतोय. क्षेत्र दुप्पट असल्यामुळे हिशोब सारखा होतो, तरी खाली थोडं हलकं वाटत असेल तर ८ इंचीच्या रांगेत १ ओहम टाकून बघा.

चिकोडीकर

२.२ ठेवा. आणि खुर्चीवरून दीड फूट बाजूला सरकून एकदा ऐका. मला त्या जागेवरचं मत हवंय.

खरजपंचम

ऐकलं, चिकोडीकर. बाजूला सरकलं की जवारी मंदावते. तुमचं म्हणणं खरं आहे. आईची खाट त्यासाठी एक हात सरकवली.

जवारी

कपॅसिटरचा निर्णय कानावर सोडू नका आणि एकट्यावर तर नाहीच. रविवारी दुपारी मी माझा तंबोरा घेऊन येते, काळी एकचा आहे. दोन स्पीकरांच्या मध्ये बसून वाजवते, तुम्ही तिथेच मोबाइलवर मुद्रण करा. मग मी वाजवणं थांबवून तेच स्पीकरवर लावा, एकदा २.७, एकदा २.२. आईंना पाठ करून बसवा आणि कुठला माझा ते त्यांनाच सांगू द्या.

वॉल्व्हवाला काका

मी येतो. बाबांच्या रेडिओचा आउटपुट वॉल्व्ह मजकडे एक शिल्लक आहे, तो घेऊन येतो.

निपाणी साउंड

आम्ही पण. किती वाजता?

खरजपंचम

चार वाजता. कुंदा आणून ठेवतो.